तेल कमी केलं की रस्सा का बिघडतो, आणि तो मिळून कसा आणायचा

घरात कुणाचा तरी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट येतो, किंवा जेवणानंतर रोज जळजळ व्हायला लागते, आणि भाजीतलं तेल कमी करायचं ठरतं. पहिल्याच दिवशी रस्सा बिघडतो. ताटात वाढला की पाणी पसरतं आणि चोथा मधे राहतो. रंग फिकट विटकरी. कांद्याचा कच्चट वास येतो. तिखट नेहमीएवढंच घातलेलं असूनही जिभेला जास्त झोंबतं. घरचे चार दिवस गुपचूप खातात, मग कुणीतरी म्हणतं, "आज नेहमीसारखी कर की", आणि सगळं पूर्वपदावर येतं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा हाच फेरा.

हे वारंवार होतं, कारण बहुतेक घरांत कपात चुकीच्या जागी होते. डोळ्यांना दिसतं ते फोडणीतलं तेल, म्हणून हात तिथेच आखडतो. वाटणातलं तेल दिसत नाही, म्हणून ते जसंच्या तसं राहतं. फोडणीतल्या तेलाला पुष्कळ कामं असतात आणि ते गेलं की लगेच जाणवतं. वाटणातल्या तेलापैकी निम्म्याहून जास्त काढून घेतलं तरी, बाकीच्या गोष्टी नीट केल्या असतील, तर खाणाऱ्याला कळतही नाही. म्हणून माझं सांगणं आहे की आधी वाटण बदला, फोडणीचं तेल त्यानंतर कमी करा, आणि तेही अर्ध्यावर आणून थांबा.

भरल्या वांग्यांचा हिशेब

चार माणसांसाठी रस्सेदार भरली वांगी घेऊ. एका घरातली वाटी दुसरीच्या दीडपट असते, म्हणून ग्रॅममध्ये बोलते. शेंगदाण्याचं कूट 50 ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं 25 ग्रॅम, तीळ 20 ग्रॅम, फोडणीला तीन मोठे चमचे तेल. कुणाला हे जास्त वाटणार नाही, नेहमीचंच प्रमाण आहे.

शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, तिळातही तेवढंच. सुक्या खोबऱ्यात तर शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमहून अधिक. म्हणजे कुटातून साधारण 25 ग्रॅम, खोबऱ्यातून 16 आणि तिळातून 10, असं वाटणातून पन्नासेक ग्रॅम तेल पोटात जातं. एक मोठा चमचा तेल म्हणजे 14 ग्रॅम, त्यामुळे फोडणीचं होतं 42 ग्रॅम. वाटण फोडणीला मागे टाकतं! एकूण 90 ग्रॅमच्या वर, माणशी तेवीसेक ग्रॅम, तेही एका भाजीतून. त्या वांग्यांवर आणि सोबतच्या भाकरीवर लोणी-तूप आलं तर ते वेगळं.

आता याच भाजीत कूट 20 ग्रॅम, खोबरं 10 ग्रॅम, तीळ एक लहान चमचा ठेवा. उरलेली जागा भरायला 25 ग्रॅम डाळं आणि दोन मध्यम कांदे, तेही तेलात न परतता विस्तवावर भाजलेले. डाळ्यात स्निग्धांश शंभराला पाच-सहा ग्रॅम एवढाच. फोडणीला दीड मोठा चमचा तेल. बेरीज चाळीसच्या आसपास येते, माणशी दहा ग्रॅम. निम्म्याहून कमी झालं. आणि शेंगदाणा, खोबरं, तीळ या तिघांचाही वास भाजीत आहे, कारण वासाला थोडंसं पुरतं. उरलेलं सगळं फक्त दाटपणासाठी घातलेलं असतं, आणि दाटपणा दुसऱ्या वस्तू स्वस्तात देतात.

इथेच एक गैरसमज दूर करते. पुष्कळ जणी काजूऐवजी मगज बी घालतात आणि ग्रेव्ही हलकी झाली असं समजतात. मगज, खसखस, बदाम, तीळ, काजू, शेंगदाणे या सगळ्यांत शंभराला चाळीस ते पन्नास ग्रॅम तेल आहे. एकाच्या जागी दुसरं घालून काही हलकं होत नाही. ओला नारळ सुक्या खोबऱ्यापेक्षा वजनाला निम्म्याने हलका खरा, पण तो वाटीवाटीने घातला जातो, तेव्हा फायदा तिथेच संपतो.

"मसाल्याला तेलच सुटत नाही, मग शिजला हे ओळखायचं कसं?"

माझ्या मते खरी गोची ही आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच खूण शिकवली जाते: कडेने तेल सुटेपर्यंत परता. तेल भरपूर असेल तेव्हा ही खूण अगदी बरोबर आहे. मसाल्यातलं पाणी उडून गेलं की अडकलेलं तेल बाहेर येतं, म्हणजेच पाणी संपलं, आता खमंग व्हायला सुरुवात झाली. पण दीड चमचा तेलात दोन कांद्यांचं वाटण असेल तर तेल सुटणार कुठून? ते सगळं वाटणातच मुरतं. बाई वाट बघत राहते, मसाला तळाला लागायला लागतो, ती घाबरून पाणी ओतते. मसाला कच्चा राहतो आणि खाली करपलेला असतो, दोन्ही एकाच वेळी.

म्हणून कमी तेलात खुणा बदलाव्या लागतात. आवाज ऐका: पाणी असेपर्यंत मसाला फदफदतो, पाणी संपत आलं की तो आवाज बसतो आणि बारीक चरचर सुरू होते. मग बघा की उलथन्याने सारलं तर मसाला गोळ्यासारखा एकत्र सरकतो का आणि तळाची वाट क्षणभर मोकळी दिसते का. रंग एक छटा गडद झालेला असतो. नाकाला लसणाचा उग्र दर्प जाऊन गोडसर वास यायला लागतो. या चार खुणा जमल्या की मसाला झाला, तेल दिसो वा न दिसो.

तिथपर्यंत पोचायचं तर पाण्याची मदत घ्यावी लागते, आणि ती घाबरत-घाबरत घेऊ नये. मसाला तळाला चिकटायला लागला की एक मोठा चमचा कढत पाणी घाला, तळाचं खरवडून घ्या, ते पाणी आटू द्या. पुन्हा चिकटला की पुन्हा एक चमचा. तळाला जो तांबूस थर धरतो त्यातच चव असते, ती पाण्याने सुटून मसाल्यात मिसळते. असं तीन-चारदा केलं की परतल्याचा खमंगपणा बऱ्यापैकी येतो. एकदम अर्धी वाटी पाणी ओतलं तर मसाला नुसता उकडतो. कांद्याला तांबूस रंग यायला शंभर अंशांच्या बरंच वर तापमान लागतं, आणि भांड्यात पाणी असेपर्यंत ते शंभराच्या पुढे जात नाही. कांद्यात तर नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणीच असतं. जास्त तेलात ते झटपट उडून जातं आणि काप सगळीकडून सारखा भाजला जातो. कमी तेलात त्याला वेळ द्यावाच लागतो.

हा वेळ वाचवायची वाट आपल्याच जुन्या स्वयंपाकात आहे. कांदा चुलीत भाजणे! कोकणात आणि कोल्हापूरकडे अख्खा कांदा निखाऱ्यात किंवा थेट जाळावर भाजून मग वाटणात घेतात, खोबऱ्याची वाटीही तशीच भाजतात. यात तेल लागत नाही, धुरकट खमंगपणा फुकट मिळतो. गॅसवर पापड भाजायची जाळी ठेवा, कांद्याला सालासकट दोन-तीन चिरा द्या, मंद ते मध्यम आचेवर फिरवत भाजा. बाहेरून काळा झाला, चिमट्याने दाबल्यावर मऊ लागला, की झालं. झाकून पाच मिनिटं ठेवा म्हणजे आतलं उरलंसुरलं वाफेवर शिजतं. काळं साल काढून टाका, पण थोडे काळे डाग राहिले तर धुऊ नका. लसणाचा अख्खा गड्डा, टोमॅटो, हिरवी मिरची, सगळं असंच भाजता येतं. भाजलेला टोमॅटो वाटला की त्याचा आंबट कच्चेपणा घालवण्यासाठी पुढे फार परतावं लागत नाही.

कांदा कच्चाच मिक्सरमधून काढून मग परतायचा, हे मात्र कमी तेलात करूच नका. कच्च्या वाटलेल्या कांद्याचा दर्प आणि कडवटपणा घालवायला पुष्कळ तेल आणि पुष्कळ वेळ लागतो. तुमच्या हलक्या रश्श्यात दर वेळी कच्चट किंवा कडसर चव येत असेल तर आधी इथे बघा.

भांड्याबद्दल एवढंच, की पातळ बुडाच्या पातेल्यात कमी तेलाचा मसाला परतता येत नाही. जाड बुडाची कढई हवी. लोखंडी कढई उत्तम, पण चिंच, कोकम किंवा भरपूर टोमॅटो असलेला रस्सा तिच्यात उकळत ठेवू नये, काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. मसाला लोखंडीत परता आणि रस्सा दुसऱ्या पातेल्यात उकळा.

चोथा खाली, पाणी वर

तेल, खोबऱ्यातली चरबी आणि बारीक वाटलेले कण मिळून रस्सा धरून ठेवतात. चरबी काढली की धरून ठेवायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते आहे पिठूळपणा, म्हणजे डाळीतला आणि धान्यातला स्टार्च. यात नवीन काही नाही. कटाच्या आमटीचं अंग कशाने येतं? पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीच्या पाण्याने. कोकणातली कुळथाची पिठी कुळथाच्या पिठावर उभी असते. मराठवाड्यात येसर करून ठेवतात, धान्यं आणि डाळ खमंग भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. पाण्याला आधण आलं की त्यात येसर कालवून सोडायचं, वर लसणाची फोडणी, आणि दाट आमटी तयार. हे तिन्ही पदार्थ कुणी डाएटचे म्हणून शोधलेले नाहीत. घरात तेल-खोबरं मोजून वापरावं लागायचं, तेव्हा आयाबायांनी चव कुठून आणायची हे शोधून काढलं, आणि ते ज्ञान आज आपल्या अगदी थेट उपयोगाचं आहे.

रोजच्या भाजीसाठी मला डाळं सगळ्यांत सोयीचं वाटतं. चिवड्यात घालतो तेच, पंढरपुरी डाळं. आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे कच्चं लागत नाही, आणि वाटणात सरळ टाकता येतं. चार जणांच्या रश्श्याला, म्हणजे तीन-चार वाट्या पाण्याला, दोन मोठे चमचे पुरे. जास्त घातलं तर रस्सा पिठल्याकडे झुकतो आणि मसाल्याची चव दबते. बेसन वापरायचं तर कोरडं, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत भाजून घ्या. ज्वारीचं पीठही चालतं, मटणाच्या रश्श्याला तर छानच लागतं, पण ते गार पाण्यात कालवूनच सोडा. गरम रश्श्यात कोरडं पीठ टाकलं की प्रत्येक कणाचं बाहेरचं आवरण लगेच फुगतं, आत कोरडं पीठ अडकतं, आणि गुठळ्या होतात. कॉर्नफ्लोअर मी आपल्या रश्श्यात घालत नाही. त्याची तकाकी आणि बुळबुळीतपणा काळ्या किंवा गोड्या मसाल्याशी जुळत नाही.

डाळं घालूनही रस्सा मिळून येत नसेल तर तीन गोष्टी तपासा. वाटण खरोखर गंधासारखं झालं आहे का? तेल-खोबरं कमी असलं की मिक्सरमध्ये वाटण कोरडं पडतं आणि भरड राहतं. पाण्याचा हात जास्त लावा, दोनदा फिरवा, मधे भांड्याच्या कडा पुसून घ्या. दुसरं, रश्श्याला गार पाणी घातलं का? नेहमी आधणाचंच घाला. तिसरं, उकळी येऊन किती वेळ झाला? पीठ दाट व्हायला उकळी यावीच लागते, आणि उकळी आल्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं द्यावी लागतात. दोन मिनिटांत गॅस बंद केला तर चोथा-पाणी होणारच.

चिंच आणि कोकम शेवटाकडे घाला. आंबटात पीठ फार वेळ उकळलं की त्याचा दाटपणा सैल पडत जातो. चिंचेचा कोळ शेवटची पाच मिनिटं उकळला तरी त्याचा कच्चेपणा जातो, कोकमाला तर तेवढंही लागत नाही.

पीठ नको असेल, कुणाला डाळीने वायू होत असेल, तर भाज्या आहेत. दुधी किंवा लाल भोपळ्याच्या दोन-चार फोडी कुकरमध्ये शिजवून वाटणात घातल्या तर कुणाला ओळखूही येत नाहीत. भोपळ्याने रंगही सुधारतो, मात्र तो गोड असतो, तेव्हा गूळ घालू नका. पनीर किंवा मटारच्या पांढऱ्या ग्रेव्हीला उकडलेला कांदा आणि फ्लॉवरचे तुरे, सोबत पाच-सहा काजू वासापुरते. हॉटेलसारखं होत नाही, पण घरी रोज खावंसं वाटेल असं होतं.

साध्या पाण्याऐवजी डाळीचं, मटकीचं किंवा चवळीचं शिजवल्यानंतर उरलेलं पाणी वापरता येत असेल तर तेच वापरा. मटकी कुकरमधून काढून पाणी मोरीत ओतताना पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, अर्धा रस्सा त्यात गेलेला असतो.

रंग फिका, तवंग नाही

मिरचीचा लाल रंग, तिचा तिखटपणा, हळदीचा पिवळेपणा, मसाल्याचे बरेचसे वास, हे सगळं तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही. म्हणूनच फोडणीतलं तेल शून्यावर आणू नये असं मी म्हणते. झिरो ऑइलच्या भाज्या मी खाल्ल्या आहेत, त्यात मसाला असतो पण तो बोलत नाही. दीड चमचा तेलाने हे काम होतं, अट एवढीच की मसाला त्या तेलाला भेटला पाहिजे. पुष्कळदा लाल तिखट रस्सा उकळताना वरून पाण्यात टाकलं जातं. तेल भरपूर असतं तेव्हा ते निभावून जातं, कमी तेलात ते पाण्यात नुसतं तरंगतं.

तेल दोन भागांत वाटून घ्या. एक मोठा चमचा सुरुवातीला, मसाला परतायला. अर्धा चमचा राखून ठेवा. रस्सा पूर्ण झाला की छोट्या कढल्यात ते तेल तापवा, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या लालसर होऊ द्या, गॅस बंद करा, दहा सेकंद थांबा, मग अर्धा चमचा ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड टाका आणि लगेच रश्श्यावर ओतून झाकण ठेवा. गॅस बंद करणं महत्त्वाचं आहे. एवढ्याशा तेलात पूड क्षणात करपते आणि रश्श्याला काळपट कडवटपणा येतो. नीट जमलं की वर पातळ लाल तवंग दिसतो आणि पहिल्या घासाला तोच जिभेला लागतो. तेवढंच तेल सुरुवातीला घातलं असतं तर वाटणात मुरून गेलं असतं आणि दिसलंही नसतं. घरच्या मिसळीलाही हेच करा. मटकीच्या पाण्यावर रस्सा, आणि तर्री प्रत्येकाच्या वाटीत एक छोटा चमचा, वरून. पातेलंभर तर्रीची गरज पडत नाही.

रंग अजून हवा असेल तर पाच-सहा अख्ख्या ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि वाटणातच वाटा. तिखटपणा फार वाढत नाही, रंग भरपूर येतो.

आणि हो, तिखट नेहमीच्या पाऊणपट करा. तेल-खोबरं तिखटाची धार बोथट करतं. ते कमी झालं की तीच मिरची जास्त लागते. तेल कमी करून बघितलं तर पित्त उलट वाढलं असं जे म्हणतात, त्यांनी हे आधी तपासावं. मिठाचंही थोडं तसंच आहे, आधी कमी घालून शेवटी चाखून वाढवा.

दही घातलं की फाटतं

मलई आणि काजू टाळून दही घालायचं ठरतं, आणि रश्श्यात पांढरे कण दिसायला लागतात. कमी स्निग्धांशाचं दही तर हमखास फाटतं, कारण त्यात कणांना एकमेकांपासून दूर ठेवायला चरबीही नसते. कढीला बेसन का लावतात, त्यातच याचं उत्तर आहे. वाटीभर दह्याला दोन लहान चमचे बेसन लावून रवीने घुसळा, एकही गाठ राहू देऊ नका. दही फ्रीजमधून काढून लगेच घालू नका. रश्श्याचा गॅस बारीक करा, त्यातला एक डाव गरम रस्सा दह्यात घालून ढवळा, मग ते दही रश्श्यात सोडा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळणं थांबवू नका. मीठ त्यानंतर. आंबट झालेलं दही या कामाला घेऊ नये. चक्का असेल तर तो जास्त बरा, त्यात पाणी कमी असतं.

टोमॅटोच्या ग्रेव्हीत मलईऐवजी दूध ओतणं टाळा, आंबटात ते फाटणारच. तिथे खरंच मलईची चव हवी असेल तर शेवटी दोन चमचे मलई घाला. बाजारातल्या ताज्या क्रीममध्ये पंचवीस टक्के स्निग्धांश असतो, दोन मोठ्या चमच्यांत सात-आठ ग्रॅम, चौघांत मिळून. मूठभर काजूंपेक्षा ते कमीच भरतं.

कोकणी-गोव्याकडच्या रश्श्यांत नारळाचं दूध असतं, तिथे वेगळा उपाय आहे. पहिलं जाड दूध अर्धी वाटीच काढा आणि बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात गरम पाणी घालून दुसरं आणि तिसरं पातळ दूध काढा, रस्सा त्यात शिजवा. जाड दूध गॅस बंद करण्याच्या आधी घाला, उकळू देऊ नका. अर्ध्या नारळात काम होतं.

मटणाचा रस्सा

यात तर वाटणापेक्षाही चरबीचाच भाग मोठा. अळणी, म्हणजे मटण शिजवल्याचं पाणी, आदल्या दिवशी करा. मटण शिजवून तुकडे आणि पाणी वेगळं करा, निवलं की दोन्ही झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी पाण्यावर चरबीचा पांढरा थर थिजलेला असतो, तो चमच्याने सहज उचलला जातो. सगळा टाकू नका, त्यातला एक मोठा चमचा राखा आणि फोडणीला तेलाऐवजी तीच चरबी वापरा. मटणाचा वास तिच्यातच असतो, त्यामुळे कमी वाटणातही रस्सा भरीव लागतो. कोंबडीचं साल काढून शिजवलं की तिची बरीचशी चरबी सालाबरोबरच जाते.

कोल्हापुरी पांढरा रस्सा मात्र हलका करायच्या नादी लागू नका. नारळाचं दूध, काजू, खसखस हाच त्याचा जीव आहे. तो क्वचित करा आणि पोटभर खा.

बिघडलाच तर

फाटलेलं दही पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, पण फोडी बाजूला काढून रस्सा चमचाभर डाळ्याच्या पिठासकट मिक्सरमधून फिरवला आणि पुन्हा उकळला तर कण दिसेनासे होतात. गरम रस्सा मिक्सरमध्ये बंद करू नका, आधी निवू द्या. पाणचट झाला असेल तर भाजीतल्याच बटाट्याच्या किंवा वांग्याच्या दोन फोडी डावाने कुसकरून पाच मिनिटं उकळा. कच्चट लागत असेल तर नुसतं उकळून फारसा उपयोग होत नाही. अर्धा चमचा तेलात थोडा गोडा किंवा काळा मसाला मंद आचेवर परता, त्यावर दोन डाव रस्सा घालून आटवा, मग ते सगळं परत पातेल्यात टाका. खारट झाला तर बटाटा टाकून तो मीठ शोषेल याची वाट पाहू नका. बिनमिठाचं पाणी आणि थोडं डाळ्याचं पीठ वाढवा, रस्सा जास्त होईल, पण खाण्यासारखा होईल.

डाळं किंवा बेसन घातलेला रस्सा संध्याकाळी घट्ट गोळा होतो, तो बिघडलेला नसतो. कढत पाणी घालून सैल करा, उकळी आणा, आणि मीठ-आंबट पुन्हा एकदा चाखा.

कामाच्या दिवशी कांदे भाजत बसायला सवड नसते, आणि घाईतच हात तेलाकडे जातो. रविवारी आठ-दहा कांदे आणि दोन लसणाचे गड्डे एकदम भाजून, नुसतेच वाटून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. एका भाजीला चार-पाच वड्या लागतात. डाळं, कूट आणि खोबरं त्यात आधी मिसळू नका. ते त्या त्या दिवशी मोजून घाला, म्हणजे वाटण खवटही होत नाही आणि प्रमाणही हातात राहतं.